लोकांच्या आधी हसायचं

१ जानेवारी, गुरुवार

नवीन वर्ष. ही डायरी भूमिकाला क्लासकडून मिळाली होती. ती म्हणाली, मला नको, वर गणपतीचा फोटो आहे, खाली क्लासच्या सरांचा, आणि दोघेही माझ्याकडेच बघतात. धाकटी बहीण म्हणून तिच्या वस्तू माझ्याकडे येतात. उलटं व्हायला हवं होतं. असो.

यात फक्त खरं लिहायचं. वाचणारं कोणी नाही, त्यामुळे खोटं लिहून फायदाही नाही.

संकल्प. बारावीचे राहिलेले दोन विषय (फिजिक्स, मॅथ्स) यंदा काढून टाकायचे. रोज इंग्लिश. नखं खायची नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रविवारी स्वप्नीलच्या घरी लोकांच्या आधी हसायचं.

शेवटचा संकल्प नीट लिहून ठेवतो. 'फोर्थ डेसिमल' नावाची अमेरिकन सिरीज आहे. चार शास्त्रज्ञ एका लाँड्रीच्या वर भाड्याने राहतात. त्यांना विश्वाचं वय माहीत असतं, पण दुकानात जाऊन शर्ट घेता येत नाही. खाली लाँड्री चालवणारी मुलगी त्यांना सांभाळून घेते. दर रविवारी चार वाजता आम्ही भाईंदरमध्ये नवघरला स्वप्नीलच्या हॉलमध्ये ती बघतो. स्वप्नील माझ्याबरोबर दहावीपर्यंत होता, आता एम.एस्सी. केमिस्ट्री करतोय. त्याची मामेबहीण अनुष्का, एम.एस्सी. फिजिक्स. त्याच मजल्यावरचा निकेत, कॉम्प्युटर. आणि मी.

अडचण अशी की ते तिघं जोक कळला म्हणून हसतात. मी टीव्हीतले लोक हसले की हसतो. प्रत्येक जोकनंतर मागून प्रेक्षकांचं हसणं ऐकू येतं, ते ऐकून मी सुरू करतो. त्यात थोडा उशीर होतोच. मागच्या रविवारी निकेत म्हणाला, हृतिकचं नेटवर्क स्लो आहे, लोड व्हायला वेळ लागतो. सगळे हसले. मीही हसलो. तेही शेवटी.

यंदा हे बदलणार.


४ जानेवारी, रविवार

पद्धत सापडली. आज बघायचा एपिसोड सकाळीच फोनवर बघून ठेवला, हसण्याच्या जागा पाठ केल्या. लॉजिक सोपं आहे. लोक हसण्याच्या अर्धा सेकंद आधी सुरू करायचं. म्हणजे आपल्याला कळलं, लोकांना नंतर कळलं.

दुपारी चोख अंमलबजावणी. एन्ट्रॉपीवर काहीतरी जोक होता. मी हसलो, मग टीव्ही हसला, मग निकेत. अनुष्काने वळून बघितलं. म्हणाली, तुला लगेच कळलं? मी हा सीन पहिल्यांदा बघितला तेव्हा रिवाइंड करावा लागला होता. मी पंख्याकडे बघितलं. नम्र लोक पंख्याकडे बघतात.

मग तिने नेहमीसारखं विचारलं, रिसर्च कसा चाललाय? मी म्हणालो, स्टीलच्या पृष्ठभागावर कंपनांचा परिणाम, त्याच्यावरच आहे अजून.

इथे खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो. मी स्टेशनच्या या बाजूला भांड्यांच्या दुकानात कामाला आहे. भांड्यांवर नावं घालतो. पण जे सांगितलं ते खोटं नाही. मशीनची सुई प्रचंड वेगाने कंप पावते. पृष्ठभाग स्टीलचाच असतो. परिणामही होतो. 'चि. सौ. कां. दिव्या हिस मावशीकडून सप्रेम भेट' असा.


६ जानेवारी, मंगळवार

सिरीजमधला माझा आवडता हॅरल्ड. सगळ्यात हुशार तोच. अनोळखी माणूस असेल तर लिफ्टमध्ये शिरत नाही, जिने चढतो. दार वाजवायच्या आधी कॉलर नीट करतो, मग परत करतो. आणि कुठेही जेवायला गेला की कोटाच्या खिशातून स्वतःचा चमचा काढतो. चमचा निघाला की प्रेक्षकांचं सगळ्यात मोठं हसणं. प्रत्येक एपिसोडमध्ये. चुकत नाही.

माझ्याही लक्षात आलं की मला दुसऱ्यांचे चमचे पूर्वीपासूनच चालत नाहीत. म्हणजे आमच्यात साम्य आहेच. फक्त चमचा नव्हता.

आज दुकानातून एक चांगला जाड चमचा घेतला. दांड्यावर 'हृ' घातलं, पुढे माझं नेहमीचं बारीक टिंब. हे टिंब मी प्रत्येक नावानंतर देतो. भाईंदरमध्ये दुसरं कोणी देत नाही. शेठ म्हणाले, अरे, चम्मच पे भी नाम? घर में चोर है क्या? मी म्हणालो, हायजीन. ते म्हणाले, हायजीन तो ठीक है, ग्राहक का डब्बा पहले कर.

आईने शर्टाच्या खिशातून दांडा डोकावताना बघितला. म्हणाली, येडा झालास का, पेन सोडून चमचा लावतोस? बाबा म्हणाले, चमचाभर मीठ मिळतंय का बघायला चाललाय, आजोबाचं मिठागर कधीच गेलंय म्हनावं. घरात विज्ञानाचं वातावरण नाही.


११ जानेवारी, रविवार

चमचा आज काढला.

शुभदा काकूंनी (स्वप्नीलची आई) सगळ्यांना पोहे दिले. मी बशीतला त्यांचा चमचा बाजूला ठेवला आणि खिशातून माझा काढला. अगदी हॅरल्डसारखा, दोन बोटांत. निकेतला ठसका लागला. अनुष्का हसली. मला हसली नाही, माझ्याबरोबर हसली. मी खात्री करून घेतली.

काकूंचा चेहरा मात्र उतरला. म्हणाल्या, अरे, आमच्याकडे चमचे उकळत्या पाण्यातून काढते रे मी. मी म्हणालो, तसं नाही काकू, हे सायंटिफिक आहे. त्यांनी माझ्या बशीतला तो नाकारलेला चमचा उचलून आत नेला. जरा वेळाने आतून नळाचा आवाज आला. त्या तो परत धूत होत्या. हे मला कळायला नको होतं.

अनुष्काने चमचा हातात घेऊन फिरवला. म्हणाली, किती सुंदर कोरलंय, कोणी केलं? मी म्हणालो, आमच्या लॅबमध्येच. स्वप्नीलला खोकला सुरू झाला. हवा खराब आहे.

एकंदर यशस्वी.


१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. हळदीकुंकवाचं वाण म्हणून बायका वाट्या, डब्या, पळ्या नेतात, आणि प्रत्येकीला त्याच्यावर नाव हवं असतं. अमुक हिजकडून, संक्रांत, साल. शेठनी जाहीर केलं, रथसप्तमीपर्यंत सुट्टी नाही. पंचवीसला रविवार आहे, तीच रथसप्तमी, त्या दिवशी दुपारपर्यंतच.

मशीन धरून बोटं रात्रीसुद्धा थरथरतात. जेवताना चमच्यातली आमटी हलते. भूमिका म्हणते, दादा व्हायब्रेशन मोडवर आहे.

फिजिक्सचं पुस्तक काढलं. त्यात मागच्या वर्षीचं हॉलतिकीट निघालं. फोटोत मी खूप आत्मविश्वासाने बघतोय. पुस्तक परत ठेवलं.


१७ जानेवारी, शनिवार

मोठा प्रसंग. पण हाताळला.

दुपारी दुकानात शुभदा काकू आल्या. मला समोरून येताना दिसल्या. मी गॉगल चढवला, रुमाल नाकावर बांधला आणि मशीनवर वाकलो. मशीनखाली भांडं नव्हतं हे नंतर लक्षात आलं. सुई हवेतच टर्रर्र करत होती.

काकूंनी वाट्या निवडल्या. शेठ ओरडले, हृतिक, मॅडम का नाम लिख ले. दुकानात दुसरा हृतिक नाही. मी कागद पुढे केला. काकूंनी सावकाश सांगितलं, सौ. शुभदा पंढरीनाथ, रथसप्तमी. मी मान हलवली, आवाज काढला नाही.

पैसे देऊन झाल्यावर त्या परत माझ्यासमोर आल्या. म्हणाल्या, हृतिक, पंचवीसला आमच्याकडे हळदीकुंकू आहे, आईला घेऊन ये हं. इतक्या वर्षांत भेट नाही झाली आमची.

रुमाल काढावा लागला. मी म्हणालो, काकू, मी इथे सॅम्पल घ्यायला येतो. फील्डवर्क. त्या म्हणाल्या, बरं.

त्या 'बरं'चा मी दिवसभर विचार करतोय. त्यांनी विश्वास ठेवला असता तर त्या 'अच्छा' म्हणाल्या असत्या. ठेवला नसता तर हसल्या असत्या. 'बरं' मधलं आहे. मधलं म्हणजे शक्यता आहे. त्या सायन्सच्या नाहीत, फील्डवर्क म्हणजे काय त्यांना माहीत असण्याचं कारण नाही.


१८ जानेवारी, रविवार

स्वप्नीलला मेसेज केला, सेमिनार आहे, येता येणार नाही. दिवसभर दुकानात त्याच्याच आईच्या वाट्यांवर नाव घातलं.

ठरवलं होतं की टिंब द्यायचं नाही. माझ्या चमच्यावर तेच टिंब आहे, अनुष्काने बघितलंय. पण पहिल्या वाटीवर सवयीने पडलंच. मग एकीवर आहे आणि बाकीच्यांवर नाही हे बघवेना. सगळ्यांवर दिलं.

अक्षर चांगलं आलंय. हे कोणाला सांगता येत नाही.


२२ जानेवारी, गुरुवार

आईला आमंत्रण सांगावं की नाही याचा चार दिवस विचार केला. न सांगावं तर काकू विचारणार. सांगितलं.

आई एकदम खूश. कपाट उघडून बसली. मावशीच्या लग्नातली हिरवी साडी काढली, ती कमी वाटली, मग जांभळी. विचारलं, त्यांच्याकडं कशी माणसं येतात? मी म्हणालो, मुंबईहून आलेली. म्हणाली, मग जांभळीच.

मग मी तिला थोडी तयारी करून घ्यायचं ठरवलं. म्हणालो, तिथे हाय-न्हाय नको, आहे-नाही म्हण. ती म्हणाली, बरं, आहे. मी म्हणालो, आणि मी काय करतो ते कोणी विचारलं तर सांगायचं, स्टीलमध्ये रिसर्च करतो. ती म्हणाली, स्टीलमधी तर हायसच तू. मी म्हणालो, आहेस. ती म्हणाली, आहेस. रिचर्स म्हंजे काय? मी म्हणालो, ते राहू दे, तू जास्त बोलूच नकोस.

ती साडीची घडी घालत राहिली. मग म्हणाली, मी नको येऊ का?

मी म्हणालो, नाही नाही, ये. पण ते 'ये' म्हणायला मला उशीर झाला. माझ्या हसण्यासारखाच. तिच्या लक्षात आलं असेल. आई सायन्सची नाही, पण असलं तिच्या लक्षात येतं.

आजचं पान फाडावंसं वाटतंय. खरं लिहायचं ठरलंय म्हणून ठेवतो.


२४ जानेवारी, शनिवार

उद्याचा एपिसोड नवाकोरा, आज रात्री अमेरिकेत येणार, आणि सकाळी दुकान, म्हणजे आधी बघता येणार नाही. काळजी नाही. आता माझी पातळी वाढली आहे. हॅरल्ड मला आतून समजतो. शिवाय चमचा आहेच. चमचा निघाला की हसायचं, याला तयारी लागत नाही.


२५ जानेवारी, रविवार

लिहिणार नव्हतो.

आईला घेऊन गेलो. स्वप्नीलची बिल्डिंग उभी आहे ती जागा आधी शेतं होती, आजोबांच्या नात्यातल्या कोणाची तरी. लिफ्टमध्ये एक बाई होत्या. आई त्यांना म्हणाली, हितं आमी भात लावलाय. त्या बाई म्हणाल्या, कितव्या मजल्यावर? आई म्हणाली, चिखलात. बाई हसल्या, आईही हसली. मी आकडे बदलताना बघत होतो.

हॉल बायकांनी भरलेला. काकूंनी आईला हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाटी दिली. आईने वाटी उलटी केली. मला माहीत होतं की ती उलटी करणार. सगळ्या बायका वाटी उलटी करून नाव वाचतात, पण आई वाचत नाही, ती टिंब बघते. टिंब होतं.

आई शेजारच्या बाईला म्हणाली, ह्यो नाव माझ्या पोरानं घातलाय. मग पलीकडच्या बाईला. मग उभी राहून सगळ्यांना. बघा, टिंब बघा, सगळ्या वाट्यांवर त्योच हाय. सकाळपासनं संध्याकाळपर्यंत बसतो, पण येकाचं नाव वाकडं न्हाय. सगळ्या बायकांनी वाट्या उलट्या केल्या. कोणी म्हणालं, खरंच की. एक आजी म्हणाल्या, माझ्या लग्नातल्या परातीवरचं नाव पुसट झालंय, तुझा मुलगा परत घालून देईल का? आईने दुकानाचा पत्ता सांगितला. कुठल्या गल्लीत, कुठल्या डेअरीच्या समोर, सगळं.

तिला मी जास्त बोलू नकोस म्हणालो होतो. ती माझ्याबद्दल सोडून काहीच बोलली नाही.

मी फ्रिजला टेकून उभा होतो. अनुष्का समोर होती. मी म्हणालो, ते साइड प्रोजेक्ट आहे. ती तिळगूळ चावत होती, चावायची थांबली. स्वप्नील हळू म्हणाला, अरे माहितीये रे आम्हाला, मी दोन वर्षं रोज त्याच रस्त्याने स्टेशनला जातो. आणि माझा खांदा थोपटला. तिथे हात ठेवायला नको होता.

मी पाणी पितो म्हणून किचनमध्ये गेलो. नळ सोडून तोंड धुतलं, परत धुतलं. बाहेर निकेत टीव्ही लावताना सगळ्यांना काहीतरी सांगत होता, आजचा एपिसोड जरा वेगळा आहे वगैरे. नळाच्या आवाजात पुढचं ऐकू आलं नाही. मी नळ बंद केला नाही.

इथे नळ बंद करायला हवा होता.

बाहेर आलो तेव्हा बऱ्याच बायका गेल्या होत्या. काकूंनी आईला आग्रहाने सोफ्यावर बसवलं होतं, माझ्या जागेवर. मी खाली सतरंजीवर बसलो. मनाशी म्हटलं, ठीक आहे, नोकरी कळली. पण सिरीज कळते हे तर खरं आहे. आता ते दाखवायचं.

बराच वेळ कोणी हसलं नाही. टीव्हीतलेही नाहीत. मी तयारीत होतो. मग हॅरल्ड एका पांढऱ्या टाइल्सच्या हॉलमध्ये बाकावर बसला. मला ते कँटीन वाटलं. शेजारी लाँड्रीवाली मुलगी. त्याने कोटाच्या खिशात हात घातला.

चमचा.

मी माझाही चमचा खिशातून काढला, वर धरला, आणि हसलो. अर्धा सेकंद आधी. पूर्ण, मोठ्याने, पोटातून. हसून लोकांची वाट बघितली.

लोक आलेच नाहीत.

मला वाटलं टीव्हीचा आवाज गेला. म्हणून मी आणखी थोडं हसलो, मध्ये रिकामं वाटू नये म्हणून. विचारलंही, आवाज गेला का?

निकेतने पॉज केलं. पडद्यावर हॅरल्डचं तोंड थांबलं, डोळे भरलेले. अनुष्काचेही भरले होते. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या हातातल्या चमच्याकडे बघत होती. स्वप्नील म्हणाला, हृतिक, अरे त्याची आई गेलीये. हॉस्पिटल आहे ते. आज प्रेक्षक नाहीत, निकेतने सांगितलं ना आत्ता.

सोफ्यावर आईने पदर डोळ्यांना लावला होता.

मी म्हणालो, हो, माहितीये, मला टेन्शन आलं की हसू येतं, त्याला सायंटिफिक कारण आहे. कोणी कारण विचारलं नाही. निकेतने प्ले केलं. उरलेल्या एपिसोडभर मी सतरंजीचे दोरे बघितले.

घरी चालत आलो. आमच्या खारी गावाच्या तोंडाशी आल्यावर आई थांबली. मग म्हणाली, ल्हानपणी त्याची आई त्याला त्याच चमच्यानं भरवत व्हती रं, दाखवलं ना. म्हनून तो घेऊन फिरतो. तुला न्हाय कळलं?

मी म्हणालो, आई, ते इंग्लिशमध्ये होतं.

ती म्हणाली, मना कुठं इंग्लिश येतंय.


२६ जानेवारी, सोमवार

सुट्टी. आईने काकूंची वाटी देवापुढे ठेवलीय, त्यात साखर. शेजारच्या चांदणीला दाखवायला बोलावलं होतं.

त्यांना दोन वर्षांपासून माहीत होतं. तरी अनुष्का दर रविवारी विचारायची, रिसर्च कसा चाललाय. याचा अर्थ ती थट्टा करत होती. किंवा दया करत होती. यातलं कुठलं बरं, ते ठरवतोय. थट्टा असेल तर मला राग येईल आणि राग सोपा असतो. दया असेल तर मी सांगितलेली कंपनं, पृष्ठभाग, ती मान डोलावून ऐकत होती, ते सगळं तिने माझ्यासाठी केलं. मग मला तिच्या घरासमोरूनही जाता येणार नाही.

कान अजून गरम आहेत. चमचा कुठेय माहीत नाही. तिथेच राहिला असणार. आणायला जाणार नाही.


२८ जानेवारी, बुधवार

अनुष्काचा मेसेज. रविवारी ये, आईंनाही आण, आणि वाटी खरंच छान झालीय.

विचार करून उत्तर दिलं, रविवारी कॉन्फरन्स आहे.

पाठवून झाल्यावर कळलं की काय पाठवलंय. तिला माहीत आहे. मला माहीत आहे की तिला माहीत आहे. तरी बोटाने तेच टाइप केलं, टिंबासारखं. डिलीट करणार इतक्यात तिचं उत्तर आलं, ओके, कॉन्फरन्ससाठी ऑल द बेस्ट.

ती दयाच होती.


१ फेब्रुवारी, रविवार

नवे संकल्प. सिरीज बंद. रविवार बंद. हसणं गरजेपुरतं. फिजिक्स, मॅथ्स.

चार वाजता घड्याळाकडे पाठ करून बसलो. बाबांनी विचारलं, आज सायंटिस्ट घरी कसा? आईने त्यांना डोळ्याने गप्प केलं. ते मला दिसलं. आता घरातही तेच सुरू झालंय.


३ फेब्रुवारी, मंगळवार

स्वप्नील दुकानात आला. पहिल्यांदा. माझा चमचा घेऊन. काकूंनी धुऊन टिश्यूत गुंडाळून दिला होता. उकळत्या पाण्यातून काढलाय म्हणे, मुद्दाम सांग म्हणाल्या.

तो मशीनसमोरच उभा राहिला. मी मशीनची सुई पुसत राहिलो. शेठ म्हणाले, ये तुम्हारा दोस्त है? ये तो रोज़ काच में से देखके जाता है, अंदर नहीं आता.

मी स्वप्नीलला विचारलं, का नाही यायचास? तो म्हणाला, तू मला बघून गॉगल लावायचास. वाटलं, तुला नको असेल.

मला वाटायचं, तो मला ओळखत नाही म्हणून पुढे जातो. दोन वर्षं मी गॉगल लावायचो आणि तो पुढे जायचा, आणि संध्याकाळी मी खूश असायचो की जमलं.

तो म्हणाला, ये रविवारी. मी म्हणालो, बघतो, काम आहे. तो म्हणाला, बरं. त्याचं 'बरं' त्याच्या आईसारखंच आहे.


८ फेब्रुवारी, रविवार

दुपारी आई म्हणाली, तो चमच्यावाला पोरगा लाव ना. पहिल्यापासनं लाव, तो असा का झाला ते बघायचंय.

मी म्हणालो, ती सिरीज मी सोडलीय. ती म्हणाली, तू सोडलीस, मी कुठं सोडलीय.

पिठाच्या डब्याला टेकवून फोन उभा केला. पहिला भाग. मी तिला विज्ञान समजावून सांगायला लागलो, हे दुर्बिणीवर काम करतात, दशांश म्हणजे असं. ती म्हणाली, गप ऱ्हा, दिसू दे.

हॅरल्डने पहिल्यांदा चमचा काढला. टीव्हीतले लोक धो धो हसले. आई हसली नाही. मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

मग हॅरल्ड लाँड्रीच्या दाराशी गेला. कॉलर नीट केली. हात वर केला, दार वाजवलं नाही. परत कॉलर. मग वळून जिना चढून घरी गेला. हा सीन मी किती वेळा बघितलाय, इथे टीव्हीतले लोक थोडंसंच हसतात, म्हणून मी तो पाठ केला नव्हता. आई हसली. मांडीवर हात मारून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाली, अगं बाय, ह्यो तर आपल्या घरातलाच हाय.

मग मीही हसलो. तिच्या मागून.

नवीन पद्धत डोक्यात आली. लोकांकडे लक्षच द्यायचं नाही, आईकडे बघायचं. ती हसली की हसायचं, ती गप्प की गप्प. कधीच चुकणार नाही. पुढच्या रविवारी तिला घेऊन स्वप्नीलकडे जायचं, तिच्या शेजारी बसायचं, कोणाला कळणारही नाही. स्वप्नीलला मेसेज टाइप केला, येतोय, आईपण.

दुसरा भाग लावला. टीव्हीतले लोक हसले. मी आईकडे बघितलं. तिचे डोळे मिटलेले. मी थांबलो. लोक परत हसले, जास्त मोठ्याने. आई बसल्याजागी भिंतीला टेकून झोपली होती, तोंड थोडं उघडं.

एपिसोड बराच बाकी होता. लोक हसतच होते. मी थोडा वेळ वाट बघितली, मग आवाज बंद केला.

मेसेज अजून पाठवलेला नाही.